अल्पस्नेह मासे आणि बहुस्नेह आहार : मुर्ध्याच्या चिकित्सालयातील एक धडा

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणारा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात. खाडी आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात वाढलेली ही आगरी-कोळी वस्ती. पुढे उत्तन, पाली, चौक येथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, आणि त्यांचा वास वारा अनुकूल असेल तर आमच्या चिकित्सालयापर्यंत पोहोचतो. २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली, इमारती वाढल्या, शेती आणि मीठ पिकविणे मागे पडले. परंतु येथील जुन्या घरांतील ताट फारसे बदलले नाही. तांदळाची भाकरी, भात, माशाचे कालवण आणि पावसाळ्यात सुकट हाच मुख्य आहार.

ताट तेच राहिले, परंतु त्या ताटामागचे कष्ट गेले. मिठागरात उन्हातान्हात राबणाऱ्या माणसास जो भात पचत होता, तोच भात दिवसभर दुकानात बसणाऱ्या त्याच्या मुलास पचेनासा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांस ठाऊक आहेतच. देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. अशा परिस्थितीत भात-भाकरी सोडून मांस, मासे व स्नेह यांवर भर देणारा आहार लोकांपर्यंत न पोहोचता तरच नवल. कोणी त्यास 'कीटो' म्हणते, कोणी 'एलसीएचएफ'. आम्ही या लेखात त्यास अल्पकर्बोदक-बहुस्नेह आहार असे म्हणू.

या आहाराची बाजू घ्यावी किंवा त्यास विरोध करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. किनाऱ्यावरील रुग्ण हा आहार घेऊ लागला असता त्याच्या ताटात प्रत्यक्ष काय पडते, आणि ते न विचारल्यास चिकित्सकाच्या हातून कोणती चूक घडते, एवढेच सांगावयाचे आहे. ती चूक आमच्याच हातून घडली, म्हणून ती सांगण्याचा अधिकारही आमचाच.

एक केसपेपर

पन्नाशी ओलांडलेल्या एक गृहिणी काही वर्षांपासून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. स्थौल्य, गुडघेदुखी आणि सात-आठ वर्षांचा मधुमेह. मधुमेहासाठी एका तज्ज्ञ डॉक्टरांकडून ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन चालू होते. आमच्याकडून निशामलकी चूर्ण आणि गुडघ्यांसाठी गुग्गुळाची वटी. घरातील तरुण मंडळींनी मोबाईलवर पाहिलेला आहाराचा तक्ता घेऊन त्या आल्या आणि हे करू का, असे त्यांनी विचारले. वजन कमी व्हावे ही आमचीही इच्छा होतीच. आम्ही केसपेपरवर लिहिले : 'भात, भाकरी, साखर बंद. मासे चालतील.'

तीन आठवड्यांनी दुपारी बाराच्या सुमारास सुनेने त्यांना हाताला धरून आणले. अंगास गार घाम, हातास कंप, डोळ्यांसमोर अंधारी. बोटातील रक्त तपासले तेव्हा साखर ५८ भरली. त्वरित गुळाचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली, आणि त्या सावरल्यावर विचारपूस सुरू केली. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, भात सोरला, भाकर सोरली, तुमी सांगितला तसा निसते मासे खाते. तरी अंगान ताकद नाय."

कोणते मासे, हे आम्ही त्या दिवशी प्रथम विचारले. उत्तर मिळाले : ओले बोंबील, कधी कोळंबी, कधी मुशी. शिजवायचे कसे? हळद, मीठ, मिरची, चिंचेचे आंबट घालून पाण्यात. आणि तेल? तेल तर दोन वर्षांपूर्वीच बंद केले होते. रक्तातील चरबी वाढल्यामुळे दुसऱ्या एका डॉक्टरांनी तेल, खोबरे व तूप वर्ज्य सांगितले होते. थोडक्यात, एका चिकित्सकाने स्नेह बंद केला, आम्ही धान्य बंद केले, आणि या दोन निषेधांच्या मधोमध मावशींच्या ताटात उरले ते पाण्यात शिजवलेले बोंबील. त्यांनी आमचे तंतोतंत ऐकले होते. चूक आमच्या 'मासे चालतील' या दोन शब्दांत होती.

बहुस्नेह आहार म्हणजे काय

हा विचार नवा नाही. १८६३ साली लंडनमधील विल्यम बँटिंग या अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या स्थौल्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे सोडले व वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन कमी केले. त्याच्या आहारात मासा होता. मात्र सामन हा स्निग्ध मासा त्यास वर्ज्य होता. म्हणजे अल्पकर्बोदक आहारात अल्पस्नेह मासा घेण्याची रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे. परंतु बँटिंगच्या ताटात माशासोबत मांसही असे, हे विसरता कामा नये. पुढे १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी स्नेहप्रधान आहार सुचविला आणि त्यासच 'कीटोजेनिक' हे नाव मिळाले.

या आहाराचे सूत्र सोपे आहे. शरीरास इंधन लागते. ते मुख्यतः धान्यातून मिळत असेल आणि धान्य काढून घेतले, तर त्याच्या जागी दुसरे इंधन ठेवले पाहिजे. ते दुसरे इंधन म्हणजे स्नेह. प्रथिनांचे काम धातूंची डागडुजी करणे हे होय. त्यांना इंधन म्हणून जाळणे शरीरास महागात पडते. म्हणूनच या आहाराच्या नावात 'अल्पकर्बोदक' इतकेच 'बहुस्नेह' यालाही महत्त्व आहे. लोक पहिला शब्द पाळतात आणि दुसऱ्यास भितात. मावशींच्या बाबतीत नेमके हेच झाले.

आमच्या भागात यात आणखी एक गुंता आढळतो. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेला दोनदाच जेवण्याचा विचार अनेकांनी स्वीकारला आहे. त्या पद्धतीचा गाभा जेवणाच्या वेळा मर्यादित ठेवणे हा आहे. भात-भाकरी सर्वस्वी वर्ज्य करणे हा नव्हे. परंतु रुग्ण एका पद्धतीतून वेळा घेतात, दुसरीतून धान्यत्याग घेतात आणि तिसऱ्या सल्ल्यातून तेलत्याग घेतात. तिन्ही एकत्र आले की तो आहार राहत नाही, ते लंघन होते. आणि ते कोणत्याही वैद्याच्या देखरेखीविना चाललेले असते.

स्नेहाविना मांस

स्नेहरहित मांसावर माणूस राहू शकतो का, याची नोंद उपलब्ध आहे. आर्क्टिक प्रदेशात इन्युइट लोकांबरोबर राहिलेला प्रवासी विल्यल्मर स्टेफान्सन याने १९२८ साली न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली केवळ मांसाहाराचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. आरंभी त्यास मुद्दाम चरबीविरहित मांस दिले. दोन-तीन दिवसांतच मळमळ, अतिसार व अस्वस्थता सुरू झाली. मांसात चरबी वाढविताच तो बरा झाला, आणि पुढे मांस व चरबी यांवर तो वर्षभर राहिला. उत्तरेकडील लोकांस हा अनुभव पूर्वीपासून होता. केवळ सशाच्या कृश मांसावर हिवाळा काढणारा माणूस पोटभर खाऊनही झिजतो, असे ते सांगत. याचे कारण असे की प्रथिनांतील नायट्रोजनचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची शक्ती मर्यादित आहे. एकूण उष्मांकांपैकी सुमारे ३५ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांतून दीर्घकाळ घेणे बहुतेकांस सोसत नाही.

मावशींचा प्रकार याहून थोडा वेगळा होता. बोंबलात प्रथिनेही फारशी नसतात. ओल्या बोंबलाचा ८५ ते ९० टक्के भाग पाणीच असतो. १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे ९ ग्रॅम आणि स्नेह सुमारे १ ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅम साफ केलेले बोंबील खाल्ले तरी जेमतेम १३५ कॅलरी. पूर्वी त्याच जेवणात १५० ग्रॅम तांदूळ व पीठ असे, त्यातून ५०० हून अधिक कॅलरी मिळत. केवळ बोंबलातून १,५०० कॅलरी मिळवावयाच्या तर दिवसाला तीन किलोंहून अधिक बोंबील खावे लागतील! पोट भरल्याचा भास होत होता, परंतु शरीर उपाशी होते. आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीच्या भाताच्या हिशोबाने आपले काम करीत होती.

टोपलीतील मासे

चिकित्सकाने रुग्णाच्या टोपलीतील मासे ओळखावेत, असा आमचा आग्रह आहे. स्थूलमानाने तीन गट करता येतात.

पहिला गट अल्पस्नेह माशांचा : बोंबील, मुशी. कोळंबी, माकूळ व चिंबोरी हे शास्त्रीयदृष्ट्या मासे नसले तरी आहाराच्या हिशोबाने याच गटात येतात. कोळंबीत १०० ग्रॅमला प्रथिने २० ग्रॅमच्या आसपास, स्नेह मात्र एखादा ग्रॅम. सुक्या बोंबलातील पाणी गेल्याने प्रथिने दाटून ६० टक्क्यांच्या आसपास जातात, परंतु स्नेह अल्पच राहतो.

दुसरा गट मध्यम स्नेहाचा : पापलेट, सुरमई, रावस. यांतील स्नेह माशाच्या आकारानुसार व ऋतूनुसार बदलतो.

तिसरा गट बहुस्नेह माशांचा : तारली, बांगडा, पाला. तारली व बांगडा यांतील स्नेह ऋतूनुसार बराच कमीअधिक होतो. भरलेल्या तारल्या तव्यावर टाकल्या की त्यांचेच तेल सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. हे मासे स्वस्तही असतात. प्रतिष्ठेपायी पापलेट आणणाऱ्या रुग्णास तारली सुचविणे हे पथ्य आहे आणि बचतही आहे.

यातील कोणताही गट वाईट नाही. बोंबील हलका आहे, आजारातून उठलेल्यास चालतो, वृद्धांस चावता येतो. परंतु बहुस्नेह आहारात तो घ्यावयाचा तर स्नेह बाहेरून आणून त्याच्याशी जोडावा लागतो. तारलीच्या बाबतीत निसर्गाने ते काम आधीच केलेले असते.

शास्त्रकारांची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात माशांचा समावेश वारिशय वर्गात केला असून ते गुरू, उष्ण, मधुर, स्निग्ध, बल्य, बृंहण व वातहर. तसेच बहुदोषकर सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी नदीतील व समुद्रातील मासे वेगळे करून त्यांचे गुण निरनिराळे वर्णिले. सामान्य गुण वाचून 'मासा स्निग्धच' असे धरून चालणे ही आमची पहिली चूक होती. बोंबलासारख्या जलबहुल माशास सरसकट बृंहण मानता येणार नाही. प्रत्यक्षाचा पडताळा घेणे हेही शास्त्रानेच सांगितले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात आहे. तेथे हितकर द्रव्यांची गणना करताना माशांमध्ये रोहित श्रेष्ठ सांगितला, आणि मत्स्यवसेचा विचार त्याहून वेगळा केला. मांस आणि त्याची वसा ही दोन निरनिराळी द्रव्ये होत, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. १३ व्या अध्यायात घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगताना वसेस स्वतंत्र स्थान दिले आहे, तेही याच दृष्टीने. तेव्हा वैद्याने रुग्णास दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत : मांस कोणते? आणि स्नेह किती? आम्ही पहिला अर्धवट विचारला आणि दुसरा विचारलाच नाही.

स्थूल व प्रमेही रुग्णास स्नेह द्यावा का, ही शंका येथे येणारच. औदक व आनूप मांसरसांचे अतिसेवन प्रमेहाच्या हेतूंत आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि ते दही, दूध, नवान्न, गुळाचे विकार आणि बैठे सुख यांच्या जोडीने सांगितले आहे. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या मासा शिजतो, तेथे देशसात्म्य व ओकसात्म्य यांचा विचार करून मात्रा व संस्कार ठरविणे अधिक व्यवहार्य ठरते. स्नेहाच्या बाबतीत तर त्याच १३ व्या अध्यायात कफ व मेद वाढलेल्या, गळा व उदर स्थूल झालेल्या व्यक्तीस तैल योग्य सांगितले आहे. शिवाय स्नेह नुसता पाजावा असे नाही. मांसरस, यूष इत्यादींतून तो देण्याच्या चोवीस प्रविचारणा तेथे दिल्या आहेत. तेलाची फोडणी दिलेले माशाचे कालवण यास आम्ही प्रविचारणेचाच एक घरगुती प्रकार समजतो.

मावशींची लक्षणे या चौकटीत पाहिली तर भ्रम, मलावष्टंभ, निद्रानाश, अंगसाद ही सारी रूक्षतेने वाढलेल्या वाताची लक्षणे होती. स्थौल्यात अपतर्पण करावे हे खरे. परंतु ते गुरू असावे, म्हणजे भूक शमवील व मेद वाढविणार नाही असे असावे, हा चरकांचा संकेत आहे. आम्ही दिलेले अपतर्पण लघु आणि रूक्ष होते. तीक्ष्णाग्नी असलेल्या स्थूल रुग्णास ते सोसणारे नव्हते.

स्नेह कोठून आणावा

महागडे लोणी, परदेशी चीज, क्रीम हे बहुस्नेह आहाराचे साहित्य म्हणून सांगितले जाते. ते आमच्या रुग्णांच्या खिशास परवडत नाही, आणि माशासोबत दुग्धजन्य पदार्थ घेण्यास आमची संमतीही नाही. मासा व दूध यांचा विरोध सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात वीर्यविरोध म्हणून विस्ताराने सांगितला आहे. किनाऱ्यावरील घरांची रीतही तशीच आहे. सोलकढी होते ती नारळाच्या दुधाची.

नारळ हाच येथील सुलभ स्नेह. ओल्या नारळाच्या ५० ग्रॅम खवातून सुमारे २० ग्रॅम स्नेह मिळतो. उत्तरेकडील आगरी-कोळी कालवणात दक्षिण कोकणाप्रमाणे नारळाचे वाटण असेलच असे नाही. लसूण, घरचा मसाला आणि चिंच किंवा कैरीचे आंबट यांवरच भागते. म्हणून अल्पस्नेह माशाच्या कालवणात वाटण घालण्यास मुद्दाम सांगावे लागते. त्याच्या जोडीला तिळाच्या तेलाची फोडणी : दोन चमचे तेल म्हणजे सुमारे १० ग्रॅम स्नेह व ९० कॅलरी. आठवड्यातून दोन-तीन वेळा बोंबलाऐवजी तारली किंवा बांगडा. तैलानंतर यूष हे शास्त्रोक्त अनुपान; त्यासाठी कुळथाचे पातळ कढण किंवा आमसुलाचे सार आम्ही सुचवितो.

तळलेल्या बोंबलाविषयी एक सावधगिरी. वरून लावलेला रवा किंवा तांदळाचे पीठ २० ते २५ ग्रॅम असेल, तर त्यातून १५ ते २० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. 'भात खाल्ला नाही' असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, आणि भात पिठाच्या रूपाने तव्यावरून येतो. पीठ न लावता, दाबून पाणी काढलेले बोंबील तेलावर परतावेत.

नारळातील स्नेह संपृक्त असल्याने काही रुग्णांत रक्तातील घातक चरबी वाढू शकते. म्हणून दोन ते तीन महिन्यांनी तपासणी करून नारळ व तीळतेल यांचे प्रमाण बदलावे. तेल बंद करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला निष्कारण नव्हता. त्यांच्याशी बोलूनच मार्ग काढणे उचित.

प्राणाशी गाठ असलेला विषय

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. धान्य कमी केले की साखर उतरते. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आहार बदलण्यापूर्वीच मूळ औषध देणाऱ्या डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतली पाहिजे. त्यात निशामलकी, मेषशृंगी, मामेजवा यांसारखी आपली औषधे चालू असतील तर त्यांचीही भर पडते, हे आपण सांगितले पाहिजे. 'आयुर्वेदिक औषधाचा त्रास नाही' या समजुतीस आपणच खतपाणी घालू नये.

दुसरा धोका याहून फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० नंतर स्वस्त झाल्याने ते खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. या औषधांसोबत कर्बोदके फार कमी केली, तर रक्तात कीटोन आम्ल साचून प्राणघातक अवस्था निर्माण होऊ शकते. आणि तीही रक्तातील साखर फारशी वाढलेली नसताना. अमेरिकेच्या औषध नियंत्रण प्रशासनाने २०१५ सालीच याविषयी इशारा दिला आहे.

अशा रुग्णाची लक्षणे कोणती? मळमळ, उलटी, पोटदुखी, अरुची, ग्लानी, नंतर खोल व जलद श्वास. आपल्या नजरेस हे चित्र अजीर्णाचे किंवा अम्लपित्ताचे वाटते. ग्लुकोमीटरवर १८० किंवा २०० असा निर्धास्त करणारा आकडा दिसतो. आणि आपण काय सांगतो? लंघन. या ठिकाणी लंघन म्हणजे आगीत तेल होय. मधुमेही रुग्ण, ग्लिफ्लोझिन गटातील गोळी, धान्यत्याग आणि उलटी ही चौकडी दिसताच त्या रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले नाहीत म्हणूनही थांबू नये. रक्तातील कीटोनची व आम्लतेची तपासणी आवश्यक असते.

इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून असलेले रुग्ण, गर्भिणी व सूतिका, मूत्रपिंड किंवा यकृत यांचे जुने विकार असलेले, पित्ताशयात खडे असलेले यांना हा आहार आम्ही देत नाही. वातरक्ताच्या रुग्णास तारली, बांगडा व कोळंबी यांचे अतिसेवन टाळण्यास सांगतो. रक्तदाबाच्या रुग्णास खारवलेल्या सुक्या मासळीविषयी आवर्जून विचारतो, विशेषतः पावसाळ्यात मासेमारी बंद असताना. कारण त्या दिवसांत ओल्या बोंबलाची जागा सुकी मासळी घेते.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

आपल्या दुकानात रुग्ण दर महिन्यास येतो, वैद्याकडे मात्र तीन महिन्यांनी. म्हणून काही गोष्टी आपल्याच ध्यानात प्रथम येतील. अवलेह साखर-गुळाचे असतात. आसव-अरिष्टांतही गूळ किंवा साखर असते. धान्य सोडलेला रुग्ण सकाळ-संध्याकाळ च्यवनप्राश व अरिष्ट घेत असेल, तर त्यास चूर्ण, वटी किंवा काढा यांचा पर्याय विचारण्यास वैद्याकडे पाठवावे. प्रथिनांची भुकटी मागणाऱ्या मासेखाऊ रुग्णास ती बहुधा नको असते. त्यास स्नेहाची उणीव असते. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल नेणारा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो का, हे विचारावे. आणि ग्लिफ्लोझिन किंवा ग्लिमेपिराइड नेणारा ग्राहक 'भात सोडला' असे अभिमानाने सांगू लागला, तर 'डॉक्टरांना सांगितले का?' एवढा एकच प्रश्न विचारावा. त्या प्रश्नाने एखादा जीव वाचू शकतो.

पुढे काय झाले

मावशींच्या तज्ज्ञ डॉक्टरांना आम्ही त्याच दिवशी दूरध्वनी केला. आमची चूक सांगण्यास संकोच वाटला, परंतु त्यांनी शांतपणे ऐकून ग्लिमेपिराइडची मात्रा निम्म्यावर आणली. आम्ही दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी परत दिली, कालवणात नारळाचे वाटण व तीळतेल घातले, आठवड्यातून दोनदा तारली सुचविली, भाजी दुप्पट केली. पहिले पंधरा दिवस रोज तीन वेळा साखर तपासली. ज्या सुनेने त्यांना हाताला धरून आणले, तीच वहीत आकडे लिहीत असे.

चार महिन्यांनंतर वजन पाच किलोंनी कमी झाले, तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी साखर ८.४ वरून ७.२ वर आली, रक्तातील चरबी वाढली नाही. मलावष्टंभ गेला. गुडघे अजून दुखतात, पण बाजारापर्यंत त्या चालत जातात. एका रुग्णावरून सिद्धान्त काढण्याचा आमचा दावा नाही. आहाराचे जे रूप शेवटी टिकले, ते तक्त्यातील कडक कीटो नव्हते. त्यात थोडे धान्य, पुरेसा स्नेह व रोजचा मासा होता. 'इंडियाब'च्या संशोधकांनी २०२२ साली मांडलेल्या गणितातही भारतीय मधुमेह्यांसाठी कर्बोदके पूर्ण वर्ज्य नसून, निम्म्या उष्मांकांच्या आसपास आणावीत असेच सुचविले आहे. ज्यांचे ताट आज भातानेच भरलेले आहे, त्यांच्यासाठी तेवढा बदलही लहान नाही.

आमच्या चिकित्सालयातील केसपेपरवर आता आहाराच्या रकान्यात 'मासे चालतील' असे लिहिले जात नाही. त्या जागी चार प्रश्न छापून घेतले आहेत : मासा कोणता? किती? कशात शिजवला? सोबत कोणती गोळी चालू आहे? उत्तरे लिहून घेण्यास पाच मिनिटे लागतात. बाहेर रुग्णांची रांग असते, आणि कधीकधी ती पाच मिनिटे जड वाटतात. त्या वेळी सुनेच्या हातास धरून दारात उभ्या राहिलेल्या मावशी आम्हांस आठवतात. वाचक वैद्यांनी आपापल्या गावातील बाजाराप्रमाणे माशांची अशीच यादी करून पाहावी. नदीकाठच्या, तळ्याकाठच्या चिकित्सकांचे अनुभव आमच्याहून वेगळे असतील. ते या त्रैमासिकातून सर्वांपुढे आल्यास आम्हांस आनंद होईल.